तीनशे मडकी, तीनशे भोकं

जर्मनीहून इंजिनिअर होऊन परतताना मला वाटलं होतं, सारं गाव माझ्या ड्रिल मशीनची वाट बघत असेल. प्रत्यक्षात त्या मशीनने पहिल्याच दिवशी गिरजाबाई कुंभारणीची नऊ मडकी फोडली.

सरकारी वृक्षलागवडीसाठी रोपांशेजारी पुरायला तीनशे मडकी हवी होती, प्रत्येकाच्या बुडाला पाणी झिरपण्यापुरतं एक भोक. गिरजाबाई म्हणाल्या, "तू राहू दे बाई, मी बघते." पंधरा दिवसांत त्यांनी भोकांसकट मडकी मांडली. एकालाही तडा नव्हता.

पण मडकी ताब्यात घ्यायला तालुक्याहून आलेले हुलसूरकर साहेब कागदावर बोट ठेवून बसले. "भोक पाडायचं यंत्र असेल त्यालाच काम, असा नियम आहे. यंत्र दाखवा, नाहीतर मडकी परत न्या."

"यंत्र जळालं, साहेब," गिरजाबाई म्हणाल्या.

"कसं?"

"भट्टीत. ओल्या मातीत ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा खोचला. मडकं भाजलं, चिपाड जळून गेलं, भोक राहिलं."

"म्हणजे तुमच्याकडे एकही यंत्र नाही."

"तीनशे होती की. एका भोकाला वापरलेलं यंत्र आम्ही दुसऱ्याला लावत नाही. तुमच्या नियमात जुनं चालतं का?"

जमलेली माणसं हसली. साहेबांनी कागद उलटून पाहिला, तिथेही उत्तर नव्हतं. शेवटी त्यांनी सही केली.

मडक्याला भोक कसं पाडावं, याचा महिनाभराचा वर्ग मी मात्र आधीच जाहीर करून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, वर्ग होणारच. शिकवतील गिरजाबाई, आणि चिखलात हात घालून पहिल्या रांगेत मी बसेन.