अंबूच्या घरी सगळं वाढलं

घाटाच्या पायथ्याशी विणकरांचं एक गाव होतं आणि त्या गावात अंबू नावाची एक भलतीच उत्साही बाई राहत होती. तिचा नवरा रावजी लुगडी विणायचा. अख्खं गावच लुगडी विणायचं. घाटापलीकडून सूत यायचं, घाटापलीकडे लुगडी जायची आणि त्यांच्या बदल्यात घरोघरी ज्वारी, तांदूळ, तेल, मीठ यायचं.

एका वर्षी घाटापलीकडे लढाई पेटली. घाट बंद झाला. सूत येईना, लुगडी जाईनात, माग थांबले. पहाटेपासून खटाखट वाजणारं गाव एकदम मुकं झालं. माणसं ओट्यावर बसून एकमेकांची तोंडं बघू लागली.

अंबूला काही असं बसवेना. तिने मागावर उरलेल्या दशा, म्हणजे कापडाच्या टोकाचे ते तुटके दोरे, गोळा केल्या आणि पीळ घालून त्यांची दोरी केली. दोरीचं शिंकं केलं. शिंकं आढ्याला टांगून ती अशी हरखली, की जणू घरात हंडी-झुंबर लागलं!

मग काय, तिला नादच लागला. फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या झाल्या. गोधडीतून उरलेल्या चिंध्यांच्या वेण्या घालून पायपुसणी झाली. देवळातल्या करवंट्यांना बांबूची दांडी बसवून ओगराळी झाली. दोडक्याच्या शिरांची चटणी झाली. सुताला लावायची खळ आता कशाला लागत नव्हती, म्हणून खळीसाठी साठवलेले चिंचोके भाजून दळले आणि पिठात मिसळले.

"अगं, त्या चिंचोक्यांनी दात पडत्याल माझं," रावजी कुरकुरला.

"पडू द्या की. त्यांचं बी कायतरी करीन मी!" अंबू म्हणाली.

अंबूचं बघून शेजारणी आल्या. शेजारणींचं बघून त्यांच्या जावा-नणंदा आल्या. दुपार झाली की अंबूच्या ओट्यावर ही गर्दी! कुणी शिवतंय, कुणी वळतंय, कुणी करवंटी घासतंय. पुरुष आधी हसले, मग हळूच दांड्या तासायला बसले. कुणाच्या घरी काय नवं झालं ते बघायला सगळं गाव धावायचं. कठीण दिवस होते, पण त्या ओट्यावर बघणाऱ्याला वाटावं की लग्नघर आहे.

आता या गावाची एक रीत सांगायला हवी. तुमच्या घरीही ती असेल. घरातला जिन्नस संपला, तर 'संपला' असं म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर लक्ष्मी रुसते म्हणे. म्हणायचं, 'वाढला'. बांगडी फुटली तरी ती वाढली. नारळ फोडला तरी तो वाढवला. अंबू या बाबतीत फार कडक. एकदा रावजीच्या तोंडून 'मीठ संपलं' असं निघून गेलं, तर तिने त्याला परसात नेऊन चूळ भरायला लावली होती.

दिवस गेले. घाट उघडेना. गोधडीने थंडी अडते, भूक अडत नाही. एकेका घरातले तांदूळ वाढले. मग ज्वारी वाढली. मग मीठही वाढलं. अंबूची शेजारीण सोनाबाई नुकतीच बाळंत झाली होती. तिच्या अंगावर दूध उतरेना, तान्हं रात्रंदिवस रडायचं. अंबू तिला रोज आपल्यातलं पीठ द्यायची. एके दिवशी तेही वाढलं. हातांना काम होतं, घर झकपक होतं आणि चूल मात्र थंड होती. अंबू पहिल्यांदाच घाबरली.

आणि त्याच आठवड्यात दवंडी आली! नवा राजा गावोगाव फिरतोय! धान्याच्या गाड्या बरोबर घेऊन फिरतोय! ज्या गावाला जेवढी गरज, तेवढं धान्य तिथेच उतरवतोय!

गावात नुसती धांदल उडाली. अंगणं सारवली. चिंध्यांची रंगीबेरंगी तोरणं दारोदारी लागली. रांगोळी नव्हती, तर राख आणि विटकरीच्या पुडीने अंगणं भरली. प्रत्येकाने आपली सगळ्यात देखणी गोधडी ओट्यावर पसरली. मागायला निघालेली माणसं अशी नटली होती, की वाटावं द्यायलाच निघाली आहेत!

राजा धवलसेन मनाने फार चांगला होता. फक्त तो लहानाचा मोठा झाला होता दूर परमुलखात, आपल्या आजोळी. मराठी तो शिकला होता पंडितांकडून, पोथ्या समोर ठेवून. शब्द न् शब्द त्याला येत होता, पण स्वयंपाकघरातली मराठी त्याने कधी ऐकली नव्हती.

राजा आला, गाव बघितलं आणि खूशच झाला. त्याने शिंकं हलवून पाहिलं, ओगराळं उलटंपालटं करून पाहिलं, गोधडीवर हात फिरवला. "हे सारे आपण घरीच निर्माण केले?" तो पुन्हा पुन्हा विचारायचा आणि बायका लाजून अंबूकडे बोट दाखवायच्या.

शेवटी राजा देवळासमोरच्या पारावर बसला. वेशीपाशी धान्याच्या गाड्या उभ्या होत्या. सोनाबाई तान्ह्याला एका हाताने छातीशी घेऊन, दुसऱ्या हातात सूप धरून सगळ्यांच्या पुढे उभी होती. गावाच्या वतीने बोलायला पाटलांनी अंबूलाच पुढे केलं.

"बाई, आपल्या घरी तांदूळ किती आहेत?" राजाने विचारलं.

अंबूने पदर सावरला. एवढा राजा दारी आलेला, आणि त्याच्या तोंडावर 'संपले' म्हणायचं? छे, छे!

"वाढले, म्हाराज."

"वाढले?" राजाचे डोळे मोठे झाले. "आणि ज्वारी?"

"ती तर गेल्या म्हयन्यातच वाढली."

"मीठ?"

"परवा वाढलं."

"आणि तेल?"

"त्याल तर समद्यांच्या आधी वाढलं, म्हाराज. माझ्या एकटीचंच न्हाई, आख्ख्या गावाचं वाढलंय."

मागे उभ्या असलेल्या बायकांनी माना डोलावल्या. खरंच होतं ते.

राजा ताडकन उठून उभा राहिला. आनंदाने त्याचा चेहरा फुलला होता. "काय हे आश्चर्य! साऱ्या राज्यात धान्य घटत आहे आणि काही गावांप्रमाणे इथेही ते वाढत आहे! काटकसर असावी तर अशी!" त्याने आपल्या खांद्यावरची शाल काढून अंबूच्या खांद्यावर घातली. "ही बाई आमच्या राज्याची अन्नपूर्णा आहे. या गावाला आमच्या धान्याची गरजच नाही. गाड्या वळवा! आणि अंबूबाई, तुमच्याकडे जे वाढले आहे, त्यातले थोडे शेजारच्या गावालाही द्या."

गाव गार पडलं. गाडीवानांनी बैलांच्या पाठीवर थाप मारली, घुंगरं वाजली, पहिली गाडी वळली. सोनाबाईने हातातलं सूप हळूच खाली केलं.

ते अंबूने पाहिलं. राजाला कळलंच नव्हतं! आता सांगायला हवं. पण सांगायचं कसं? भर गावात, देवळासमोर तो शब्द उच्चारायचा? आणि राजाने सगळ्यांसमोर अन्नपूर्णा म्हटलेलं, ते आपणच खोटं पाडायचं? शाल खूप मऊ होती. उभ्या जन्मात तिला कुणी शाल घातली नव्हती.

"गप ऱ्हा," रावजी तिच्या कानाशी पुटपुटला. "राजाला चुकलास म्हनतीस व्हय? आन् तुझ्याच तोंडानं लक्ष्मी रुसवतीस?"

"लक्ष्मी रुसली तर तिची समजूत काढीन," अंबू म्हणाली. "गाड्या गेल्या तर त्या पोराची समजूत कशी काढू?"

आणि ती पळत सुटली! पदर एकीकडे, शाल एकीकडे, अंबू धावत जाऊन थेट बैलांच्या पुढ्यात उभी राहिली. दोन्ही हात पसरून, घशाच्या शिरा ताणून ओरडली,

"संपलं!"

बायकांनी कानांवर हात ठेवले. पाटलांनी देवळाकडे बघून हात जोडले.

"संपलं, म्हाराज! तांदूळ संपलं! जवारी संपली! मीठ संपलं! माझ्या घरात दाना न्हाई, गावात कुनाच्याच घरात न्हाई!"

तिला वाटलं होतं, हे बोलताना जीभ झडेल. पण झालं भलतंच. एकेक शब्द बाहेर पडत होता आणि तिची छाती हलकी होत होती. तेवढ्यात मागून सोनाबाईचा आवाज आला, "आमच्यातबी संपलं!" मग आणखी कुणीतरी ओरडलं. मग रावजी ओरडला, आणि चांगला बेंबीच्या देठापासून ओरडला. बघता बघता सगळं गाव "संपलं, संपलं!" म्हणून गर्जायला लागलं. इतके दिवस ओठांमागे अडवून ठेवलेला शब्द मोकळा झाला, तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

राजा गोंधळून गेला. "पण आताच तर वाढले म्हणालात!"

पाटील पुढे झाले. त्यांनी रीत समजावून सांगितली. घरातलं संपलं की आमच्यात 'वाढलं' म्हणतात, महाराज.

राजा मटकन पारावर बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पाटील," तो हळू आवाजात म्हणाला, "गेला महिनाभर माझ्याकडे काही गावांचे लोक येत होते. दरबारात हात जोडून सांगत होते, महाराज, धान्य वाढले, तेल वाढले. मी त्यांना शाबासकी दिली. हातावर नारळ ठेवला आणि घरी पाठवून दिले."

दुसऱ्याच क्षणी राजा उठला आणि ओरडला, "स्वार कुठे आहेत? घोडे काढा! कोठारे उघडा! त्या प्रत्येक गावी गाड्या निघाल्या पाहिजेत, आजच!"

काय ती धावपळ! स्वार धुरळा उडवत गेले. वेशीपाशी पोती उतरली. सोनाबाईचं सूप पहिलं भरलं. गावातल्या चुली एकापाठोपाठ एक पेटल्या आणि देवळासमोर पंगत बसली. राजाही अंबूच्या गोधडीवर मांडी घालून बसला. पानं मांडली. अंबू ओगराळं घेऊन पुढे आली. राजाने आपल्या पोथीतल्या मराठीत मोठ्याने आज्ञा केली, "अंबूबाई, वाढा!" आणि मग तो स्वतःच दचकला. "थांबा, थांबा! वाढले म्हणजे आता काय समजायचे?" सगळी पंगत लोटपोट हसली.

जेवणं झाली. अंबूने शालीची घडी केली आणि राजापुढे धरली. "मी काय अन्नपूर्णा न्हाई, म्हाराज."

"शाल आता 'वाढले' म्हटल्याबद्दल नाही, खरे बोलल्याबद्दल आहे," राजा म्हणाला.

"मंग माझीच ना? काय बी करू?" असं म्हणून अंबूने तिथल्या तिथे शाल सोनाबाईच्या तान्ह्याभोवती गुंडाळली.

रिकाम्या गाड्या कोठारावर धान्य भरून पुढे त्या गावांना जायला निघाल्या, तेव्हा अंबूने पुन्हा त्यांची वाट अडवली. रिकाम्या कशाला न्यायच्या? तिकडच्या गावांत धान्य नाही, तसं अंथरूण-पांघरूणही नसेल! तिने हाक मारली आणि घरोघरच्या गोधड्या, शिंकी, पायपुसणी गाडीत येऊन पडली. दोऱ्या, सुया, चिंध्यांची गाठोडी पडली. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे अंबू स्वतःच चाकावर पाय देऊन गाडीत चढली.

"अगं, तू कुठं निघालीस?" रावजी ओरडला.

"त्या गावांत!" अंबू म्हणाली. तिचे डोळे आनंदाने लकाकत होते. "गोधडी शिवायला कोनबी शिकवंल. पर तिथल्या बायांच्या तोंडून 'संपलं' कोन काढनार? त्याला मीच पायजे!"

तात्पर्य: घर काटकसरीने चालवावं आणि आपल्या हातांनी नवं घडवावं, पण जे नाही ते 'नाही' असं स्पष्ट सांगावं, कारण शोभेच्या शब्दामागे झाकलेली भूक देणाऱ्याला दिसत नाही.