खडकवळणचा प्याला

ऐका मंडळी. नगरकडच्या खडकवळणात एक लहानसं देऊळ होतं, शिखराऐवजी क्रूस असलेलं. तिथे शांतवनबाबा राहत. अंगावर एक घोंगडी, ओठांवर प्रभूचं नाव, एवढाच त्यांचा संसार.

एका वर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे प्रभूला क्रुसावर चढवलं त्या दिवसाच्या, आदल्या आठवड्यात प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला नाहीसा झाला. झालं! वस्तीत जो तो दुसऱ्याच्या घराकडे डोळे लावून बसला. शेजारीण पीठ मागायला आली, तरी बाया आधी तिचा पदर न्याहाळीत. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेली माणसं, पण आता दारांना भरदिवसा आतून कड्या लागल्या.

संशय शेवटी गरिबाच्याच दारात जाऊन बसतो. देऊळ झाडणारी सगुणाबाई विधवा, एकटी. प्याला विसळायचं काम बाबांनी तिलाच दिलेलं. देवळाच्या मंडळीचे पंच सत्तूजी म्हणाले, "प्याल्याला हात कुणाचा लागत होता? मग आणखी पुरावा कशाला?" हा प्याला त्यांच्या आजोबांनी देवळाला दिलेला, हे ते दर रविवारी कुणाला ना कुणाला ऐकवीत.

लोक ख्रिस्ती झाले होते, पण गावचा जुना रिवाज अंगातून गेला नव्हता. उकळत्या तेलातून लोखंडी कडी काढायची. हात पोळला तर तोच चोर, आणि चोराने गाव सोडायचं. त्या उत्तम शुक्रवारी भर दुपारी देवळापुढे कढई चढली. सगुणाबाई म्हणाली, "बाबा, मी नाही घेतला. पण तेलाला काय ठाऊक? हात पोळणारच. माझ्या मालकांची कबर इथे आहे, मी जाऊ कुठे?"

"बाई, तू बाजूला हो," बाबा म्हणाले. "चोर जो कुणी असेल, त्याच्या वतीने हात मी घालतो."

सत्तूजी हसले. "करावे तसे भरावे, बाबा. एकाचं पाप दुसऱ्याने भोगायचं, ही गोष्ट प्रवचनात शोभते."

"आज वार कोणता, सत्तूजी?" बाबांनी एवढंच विचारलं आणि कढईत हात घातला.

तुम्ही म्हणाल, हात फुलासारखा बाहेर आला असेल. नाही आला. कातडी सोलली, टरारून फोड आले. कडी मात्र बाबांच्या मुठीत होती. लोक कुजबुजले, "म्हणजे प्याला बाबांनीच...?" बघा, निर्मळ माणसावर संशय यायलाही किती थोडा वेळ लागतो!

बाबा म्हणाले, "रिवाजाप्रमाणे चोर मी. आता एकमेकांकडे तसं बघू नका." आणि घोंगडी खांद्यावर टाकून ते वेशीकडे निघाले.

 सत्तूजींनी धडपडत बाबांना वेशीपाशी गाठलं. "बाबा, थांबा. प्याला माझ्या कणगीत आहे. आजोबांची वस्तू त्या झाडणाऱ्या बाईने विसळायची, हे मला बघवेना. माझी शिक्षा तुम्ही का घेतलीत?"

"ती माझ्या कितीतरी आधी एकाने घेतली आहे," बाबा म्हणाले. "दर रविवारी सांगत होतो, तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

सत्तूजींनी रडत रडत तो पोळलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. आणि काय सांगू, मागोमाग आलेल्या सगळ्यांच्या देखत फोड बसले, कातडी सारखी झाली. तळव्याच्या मधोमध एक डाग तेवढा उरला. तो बाबांच्या अखेरपर्यंत होता.

कणगीतून प्याला आला, ज्वारीच्या धुळीने माखलेला. सत्तूजींनी तो सगुणाबाईच्या हातात दिला आणि साऱ्या वस्तीसमोर तिच्या पायांशी वाकले.

ती म्हणाली, "उठा, दादा. प्याला विसळायचाय, पाणी आणा."

पाणी सत्तूजींनीच आणलं.