कुंभोजे काकांचा स्क्रूड्रायव्हर

यंत्रं नुकतीच एकमेकांशी बोलायला लागली होती, त्या काळची ही गोष्ट. एका कारखान्यात एक जुनं लेथ मशीन होतं. फिटर कुंभोजे काका स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि नेमकं दुखणं सांगायचे.

मग लेथवर सेन्सर बसला. "काका, आज काय ऐकलंत?" तो रोज विचारायचा. काका कौतुकाने सगळं सांगायचे. वर्षभरात तो शिकला आणि बारा गावांतल्या सेन्सरांना त्याने ते एका क्षणात शिकवलं. त्याच महिन्यात काकांना घरी बसवलं. खंडेनवमीला दरवर्षी स्क्रूड्रायव्हरला मिळणारा झेंडू यंदा सेन्सरला वाहिला गेला. स्क्रूड्रायव्हर रंगाचे डबे उघडायच्या कामाला लागला.

एके दिवशी लेथ निराळंच कण्हलं. सेन्सर गांगरला. त्याने बारा गावांत विचारलं. "तू शिकवलंस तेवढंच आम्हाला येतं," सगळीकडून उत्तर आलं.

"काकांना बोलवा रे!" लेथ विव्हळलं.

"झेंडू घेताना नाही आठवले ते?" डब्याशेजारून स्क्रूड्रायव्हर सेन्सरला म्हणाला.

संध्याकाळी बेअरिंग फुटलं. सेन्सरने बाराही गावांना लगेच कळवलं, "माझ्याकडून काही चुकलं नाही. लेथच म्हातारं झालं होतं."