अडलेलं दुसरं चित्र

माडवणच्या घाटात वाघ आला आणि माणसांनी रानाची वाट सोडली. गावचे देसाई मात्र ओसरीवर लोडाला टेकून चित्रकथी सोनू ठाकराला बजावत होते, "तुझ्या पोथीत माझी कथा हवी, वाघ मारतानाची. आठ दिवसांत आण, नाहीतर ती पोथीच जाळतो."

पोथी म्हणजे सोनूच्या पणज्यापासून चालत आलेली चित्रं. एक चित्र उभं करायचं, त्याची कथा गायची, मगच पुढचं काढायचं. मधलं गाळायचं नाही, हा घराण्याचा नेम.

आठव्या दिवशी गाव जमला. सोनूने पहिलं चित्र उभं केलं. त्यात देसायांचं दार होतं, उंबऱ्याशी वहाणा होत्या आणि देसाईणबाई ओवाळायला उभ्या होत्या. तेवढं गाऊन तो थांबला.

"पुढे?" देसायांनी विचारलं.

"पुढचं रान, वाघ, तुमची मिरवणूक, सगळं तयार आहे, सरकार. दुसरं चित्र तेवढं अडलंय."

"त्यात काय आहे?"

"नायक घराबाहेर पडतो. प्रत्येक कथेत पडतोच. देवादिकांचं आम्ही ऐकून काढतो, पण तुम्ही तर समोर बसलाय. तुमचं बघूनच काढायला हवं."

कोणी हसलं नाही. देसाईणबाई आत गेल्या आणि निरांजन लावलेलं तबक घेऊन खरोखरच दारात उभ्या राहिल्या. देसायांना वहाणा घालाव्याच लागल्या.

पोथीतल्या त्या दुसऱ्या चित्रात देसाई पाठमोरे आहेत. सोनूने ते तिथेच, ओसरीवर बसून काढलं.