काकवी आणि रिकामी रिफील

“उस्ताद, तुमचा शब्द मी एकवीस वर्सं पाळला. मग माझ्या हातची इंजिनं झिजली कशी?”

जालिंदर शेवाळेने पायातली चप्पल काढायच्या आधीच विचारून टाकलं. विट्यापासून पठारावरच्या या वस्तीपर्यंत जीप हाकताना त्याने हा प्रश्न मनात इतका घोळवला होता, की आता त्याला धीर निघेना.

दस्तगीर उस्ताद अंगणात कोवळ्या उन्हाला पाठ देऊन बसले होते. वय ऐंशीला टेकलेलं. तालुक्यातल्या निम्म्या मिस्त्रींना पाना धरायला यांनीच शिकवलेलं. गॅरेज बंद करून त्यांना दहा वर्षं झाली होती, आणि आता ते इथे चार शेळ्या राखून सुखात होते.

त्यांनी मान वर केली. “कुटला शब्द?”

जालिंदर गारच पडला. ज्या शब्दावर आपण उभं गॅरेज चालवलं, तो देणाऱ्यालाच आठवू नये?

“‘तेल जाड घाल आन् बिनघोर झोप.’ तुमीच म्हनला हुता.”

“म्हनलो असंन,” उस्ताद म्हणाले आणि शेळीच्या कानातली गोचीड काढू लागले.

जालिंदरने मात्र हा शब्द देव्हाऱ्यात बसवायचाच काय तो बाकी ठेवला होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, की तो जाड तेलाच्या पिंपालाही हळदकुंकू वाहायचा आणि वर नारळ फोडायचा. गाडी बापजाद्यांच्या काळातली असो की परवा शोरूममधून निघालेली, त्याच्या दारात आली की तिच्या पोटात तेच तेल जायचं. गिऱ्हाईकही खूश असायचं, कारण जाड तेलाने इंजिनाचा आवाज दबतो.

पण गेल्या वर्षभरात तीन नव्या गाड्या परत आल्या. साठ हजार किलोमीटरही झाले नव्हते आणि इंजिनाच्या माथ्यावर फिरणारा कॅमचा दांडा तिन्हींत खरवडून निघालेला.

जालिंदरची मुलगी प्रतीक्षा डिप्लोमा करून दोन वर्षं त्याच्याच गॅरेजात राबत होती. तिने गाडीबरोबर मिळणारं पुस्तक त्याच्यापुढे उघडलं. या इंजिनाला पातळ तेल सांगितलंय, हे बोट ठेवून दाखवलं. माझ्या उस्तादापुढे पुस्तकाची काय मिजास, असं जालिंदर म्हणाला. मग तुमच्या उस्तादांनी हे इंजिन कधी पाहिलं होतं, असं तिने विचारलं. झालं, शब्दाने शब्द वाढला. पोरगी बापावरच गेलेली, त्यामुळे माघार घेणारं घरात कोणी नव्हतंच. तिने चाकणच्या एका कारखान्यातली नोकरी पत्करली. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि आज शुक्रवार होता.

ती जाणार या विचाराने जालिंदरला अन्न गोड लागत नव्हतं. पण तिला थांब म्हणायचं, तर उस्ताद चुकले असं आधी म्हणावं लागणार, आणि ते त्याच्या जिभेवर येत नव्हतं. म्हणून तो तिलाच जीपमध्ये घालून इथे घेऊन आला होता. काय तो निवाडा उस्तादांनीच करावा.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा प्रतीक्षाकडे पाहिलं. ती तोंड फिरवून जीपला टेकून उभी होती.

ते उठून आत गेले. परतले तेव्हा त्यांच्या हातात काकवीची वाटी होती आणि एक बॉलपेनची संपलेली रिफील. तिची टोकाची पितळी निब त्यांनी दातांनी उपटून काढली आणि नळी जालिंदरपुढे धरली.

“घे. पी.”

“काय पिऊ?”

“काकवी. ह्या नळीनं.”

जालिंदर आता पन्नाशीचा होता. तालुक्यात त्याला लोक शेठ म्हणत. पण उस्तादांसमोर त्याचं वय अजून एकोणतीसच होतं. त्याने मुकाट्याने रिफील तोंडात धरली आणि ओढू लागला. थंडीने काकवी चांगली घट्ट झाली होती. त्याचे गाल आत गेले, डोळे बाहेर आले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या... पण जिभेला गोडाचा थेंब लागेना.

मागून फिस्सकन आवाज आला. प्रतीक्षाला हसू आवरलं नव्हतं. चार दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती, आणि प्राण कंठाशी आलेले असतानाही जालिंदरला ते ऐकून बरं वाटलं.

“ईना?”

“न्हाई.”

उस्तादांनी दाराजवळच्या पपईच्या पानाचा जाडजूड देठ मोडला, रांजणाच्या पाण्यात खळखळून धुतला आणि दिला. या पोकळ नळीतून काकवी एका दमात वर आली. जालिंदरने ओठ पुसले.

“मोहित्याचा ट्रक आठवतो?” उस्तादांनी विचारलं.

जालिंदरला आठवला. आठवायला थोडा वेळ लागला, पण मग सगळंच आठवलं. ते डिझेल इंजिन उस्तादांनी आणि त्याने मिळून खोललं होतं. इतकं जुनं, की बेरिंगात नख जाईल एवढी फट. पातळ तेल टिकायचंच नाही, फटीतून निसटून जायचं. त्यावरच उस्ताद ते वाक्य बोलले होते. त्या ट्रकपुढे, त्या दिवशी.

“पन तुमी तवा म्हनला न्हाई, की ह्ये एवढ्या ट्रकापुरतंच हाय म्हनून.”

“तू इचारलं न्हाईस.”

जालिंदरने मान खाली घातली. मग मिस्त्रीपणा जागा झाला आणि त्याने शेवटचा मुद्दा काढला. इंजिन तापलं, की जाड तेलही पातळ होतंच की. मग नव्या इंजिनाच्या बारीक वाटांतूनही ते वर माथ्यापर्यंत जाणारच. त्यात नुकसान कुठे आलं?

उस्तादांना हा मुद्दा आवडलेला दिसला. त्यांनी काकवीची वाटी अंगणातल्या चुलीच्या वैलावर, म्हणजे शेजारच्या मंद आचेच्या तोंडावर, ठेवली. तिघेही बघत बसले. शेळीही बघत होती.

बऱ्याच वेळाने काकवी सैल झाली. जालिंदरने रिफिलीने ओढली आणि खरोखरच चार थेंब आले.

“आलं बगा,” तो म्हणाला.

“आलं. आन् तवर?”

जालिंदरने पुन्हा रिफील तोंडाला लावली.

“रोज सकाळी गार इंजिन चालू करतूस. तेल वर पोचूस्तवर इंजिन काय खातं?”

जालिंदरने वाटी खाली ठेवली. परत आलेल्या तिन्ही गाड्यांचे खरवडलेले दांडे त्याने स्वतःच्या हातांनी काढले होते.

“सोताला खातं,” तो शेवटी म्हणाला.

प्रतीक्षा पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर विजय लपत नव्हता. “मी हेच सांगत होते, आजोबा. सगळं पुस्तकात दिलंय. पुस्तक बघून काम केलं, तर कधी चूकच होणार नाही.”

उस्तादांनी तिच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. या घरात हट्टाला तोटा नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

“तुमच्या ह्या जीपचं पुस्तक हाय?”

होतं. तिच्या तोंडपाठ होतं.

उस्तादांनी तिला जीप चालू करायला सांगितली आणि एक लांब पेचकस तिच्या हाती दिला. टोक इंजिनावर आणि मूठ कानाला, असं धरायचं. तिने तसं धरलं.

“काय आयकू येतं?”

“आवाज.”

“कसला?”

ती बराच वेळ ऐकत राहिली. कपाळाला आठ्या पडल्या. “इंजिनाचा,” ती हळूच म्हणाली.

उस्तादांनी जालिंदरकडे नुसती भुवई उचलली. तो दहा पावलांवर होता, हातात रिफील अजून तशीच होती. तो म्हणाला, की तिसरं बेरिंग सैल पडलंय, दोन महिन्यांपासून. चार लाख किलोमीटर झालेत, पडणारच. हिला पुस्तकातलं तेल घातलं, तर दाब धरणार नाही. हिला आता जाडच पाहिजे.

“ही नवी आलती तवा हिला पुस्तकातलंच लागत हुतं,” तो पुढे म्हणाला आणि आपण काय बोललो, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं.

प्रतीक्षाने पेचकस पुन्हा कानाला लावला. काढला. बापाकडे पाहिलं. हा माणूस लांबून, नुसत्या कानाने बेरिंग मोजतो, हे ती दोन वर्षं त्याच्याशेजारी उभी राहून बघत आली होती. पण त्या वेळी तिचं लक्ष पुस्तकात असायचं.

जीप तिसऱ्या बेरिंगावर टकटक करत राहिली.

जालिंदरने घसा साफ केला. “त्या नव्या गाड्यास्नी,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “कुटलं तेल दिलंय म्हनालीस पुस्तकात?”

तिने सांगितलं. अगदी हळू सांगितलं, जिंकल्यासारखं नाही. मग तीही जीपच्या बॉनेटकडे बघत म्हणाली, “हे कानाने ऐकायचं... मला शिकवाल, पप्पा?”

“कवापास्नं?”

“सोमवारपासून.”

जालिंदरला एकदम भरून आलं. त्याने तोंड वळवून काकवीची उरलेली वाटी वाटीनेच पिऊन टाकली, म्हणजे काहीतरी करत असल्यासारखं दिसावं. प्रतीक्षाने जीप बंद केली. उस्तादांनी आतून भाकरी आणली आणि तिघांनी ती अंगणातच खाल्ली. भाकरी संपेपर्यंत जालिंदर इतका खुशीत आला, की तो मागचं सगळं विसरून गेला. कानामागची पेन्सिल त्याने हातात घेतली, खिशातून पावतीपुस्तक काढून उलटं केलं आणि मांडी घालून कोरं पान उस्तादांपुढे धरलं.

“उस्ताद, जुना शब्द माझ्याकडनं संपला. आता नवा द्या.”

उस्तादांनी हाताला लागलेली काकवी सावकाश चाटली.

“लिहून घेतलंस, तर इंजिन बदललं की पुना इचारायला यावं लागंल...” ते म्हणाले, “आन् तवा मी घरी नसंन.”