सड्यावरच्या हत्तीचं गाऱ्हाणं

समुद्रकाठच्या एका गावात एक गुरव होता. देवळाची झाडलोट करावी, देवाला फुलं वाहावीत आणि कुणाचं काही अडलं-नडलं की देवापुढे नारळ ठेवून त्याच्या वतीने गाऱ्हाणं घालावं, हे त्याचं काम. माणूस स्वभावाने इतका गरीब, की जन्मात त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द बाहेर पडला नव्हता. कोणी म्हणालं, आज अमावास्या, तर हा म्हणे, "व्हय." दुसरा म्हणाला, छे, पौर्णिमा, तर त्यालाही, "व्हय." त्याची बायको नेमकी उलटी. नवऱ्याच्या वाटणीचे सगळे नकार तीच देई आणि वर आपले चार जास्तीचे घाली. असा त्यांचा संसार सुखाने चालला होता.

गावाच्या डोक्यावर सडा होता. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं लांबरुंद, उघडंबोडकं पठार. त्या कातळावर कोणी तरी, कधी तरी चित्रं कोरून ठेवली होती. एक हत्ती होता, एवढा थोरला की त्याच्या पोटात अख्खं गाव पंगतीला बसावं. एक मासा होता, एक मोर होता. आणि एका कडेला नुसती दोन पावलं होती, वर माणूस नाहीच. देवळाच्या आधीची, गावाच्या आधीची ही चित्रं. कोणी कोरली म्हणून विचारलं तर गाव बेधडक सांगे, "पांडवांनी. एका रात्रीत." गुरवाला ते मनातून पटत नसे. हत्तीच्या नखापाशी बसून तो म्हणे, हे काही रात्रीत उरकलेलं काम नव्हे. कोणी तरी उन्हात बसून, तहान सोसून, जीव लावून कोरलंय. पण तोंडाने तो गावालाही व्हयच म्हणे.

त्या पावलांची गावात एक रीत होती. मूल पहिलं पाऊल टाकू लागलं की त्याला सड्यावर न्यायचं आणि त्या कोरीव पावलांत उभं करायचं. गावच्या मुख्य मानकऱ्यापासून गावच्या भुरट्या चोरापर्यंत सगळे त्या पावलांत उभे राहूनच चालायला शिकलेले. गुरवाची नात आता भिंत धरून उभी राहू लागली होती. गुरव रोज तिला सांगे, "दसऱ्याक नेतंय हां तुका सड्यार." नात त्याची शेंडी ओढून होकार देई.

अशात एके दिवशी शहरातून एक मक्तेदार आला. सड्यावर उभा राहिला आणि त्याचे डोळे चकाकले. हत्ती त्याला दिसलाच नाही. त्याला दिसले चिरे. घरांचे चिरे, विहिरींचे चिरे, कुंपणांचे चिरे. एवढी मोठी खाण आणि वर नुसतं गवत!

मक्तेदार मोठा हुशार. सगळा सडा मागितला तर गाव अंगावर धावून येईल, हे त्याने ओळखलं. म्हणून तो घरोघर गेला आणि प्रत्येकाला त्याने अगदी मऊ आवाजात एकच विचारलं, "सड्याचा कोणता भाग सोडू आणि कोणता घेऊ? तुमच्या शब्दाबाहेर मी नाही."

असं कोणी विचारलं की माणूस फुगतो. गावकर म्हणजे गावचा मुख्य मानकरी. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "हत्ती आमच्या घराण्याचो. त्याका बोट लावूचा नाय. मासो न्या खुशाल. मासे काय, दर्यात होये तितके आसत!"

गावातली खारवीण, जिच्या घरच्या चार होड्या दर्यावर जात, ती म्हणाली, "होडी पाण्यात ढकलूच्या आधी आमी त्या माशाक हळदकुंकू लावतो. माशाक हात लावशात तर बघा! तो मोर न्या मेलो. नुसतो पिसारो फुलवन नाचता. तेच्यान कोणाचा पोट भरता?"

शाळेचे पंतोजी पुस्तकातल्यासारखं बोलत. ते म्हणाले, "मोर हे सरस्वतीचे वाहन. त्यास धक्का लागता कामा नये. हत्तीस मात्र आमची हरकत नाही. फार जागा अडवतो."

संध्याकाळपर्यंत मक्तेदाराच्या पदरात मासा पडला, मोर पडला आणि हत्तीही पडला. दिला प्रत्येकाने दुसऱ्याचा, पण गेला तो सगळ्यांचा. राहिली ती फक्त दोन पावलं. ती मात्र कोणी दिली नव्हती. मग मक्तेदार गुरवाच्या ओसरीवर येऊन बसला.

"गुरवबुवा, त्या पावलांचं काय करायचं?"

नाही म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आला, तिथे जरा टेकला आणि परत खाली गेला. "मोठ्या माणसांनी काय ता ठरवचा," गुरव पुटपुटला. "मी गरीब काय सांगतलंय?"

"म्हणजे हो!" मक्तेदार म्हणाला आणि उठून चालता झाला.

आत बायकोने हे सगळं ऐकलं होतं. ती पळी घेऊनच बाहेर आली. "अहो, तुमच्या बापाशीचे पाय त्या पावलांत, तुमचे त्या पावलांत, आपल्या झिलाचे त्या पावलांत! आता नातीक खय उभी करतलात? मक्तेदाराच्या डोक्यार?"

गुरव रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. दिलेला सडा त्याच्या छातीवर येऊन बसला होता.

सकाळ होताच तो गावभर धावला. "सडो वाचवा, सडो वाचवा!" देवळापुढच्या पारावर सभा भरली. सडा वाचलाच पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग कोणी काय देऊन टाकलं आणि आधी काय वाचवायचं, यावरून कडाक्याचं भांडण झालं. गावकर म्हणत हत्ती, खारवीण म्हणे मासा, पंतोजी म्हणत मोर. मधल्या मानाच्या दगडावर कोणी बसायचं, यावरून दुसरं भांडण झालं. पंतोजींनी सड्याच्या प्राचीनतेवर भाषण सुरू केलं, ते ऐकून पारावरचा कुत्रासुद्धा उठून गेला. शेवटी सभेने ठरवलं, की सडा वाचवायचा आणि तो दुसऱ्या कोणी तरी वाचवायचा. गुरव एकटाच पारावर उरला.

चार दिवसांनी मक्तेदाराचे चिरे काढणारे कामकरी पहारी घेऊन आले. सड्यावर गेले आणि पहारी टेकून स्वस्थ बसले. त्यांचा मुकादम हात जोडून म्हणाला, "शेठ, गाऱ्हाण्याबिगर आमी नव्या जागेर पहार मारणव नाय. आधी देवाक नारळ ठेवा."

मक्तेदार म्हणाला, "एवढंच ना? ठेवू की." त्याने नारळ आणवला. गाव खूश राहावं म्हणून सगळ्यांना जेवणही सांगितलं, वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. रांधायचं काम अर्थातच गुरवाच्या बायकोकडे आलं. गावकरांनी मक्तेदाराला रीत समजावली. "गुरव देवाक सांगतलो. तेचा एक एक वाक्य संपला की आपण सगळ्यांनी म्हणायचा, 'व्हय महाराजा!' तुमी यजमान. तुमचो आवाज सगळ्यांत मोठो होयो. नायतर काम फळाक येणा नाय."

"आवाजाची काळजी नको," मक्तेदार म्हणाला.

गुरवाच्या मात्र आता ध्यानात आलं. आपणच देवापुढे उभं राहून सड्यावर पहार मागायची? तो बायकोकडे आला. ती वडे थापत होती.

"माका 'नाय' म्हणूक येणा नाय गो," तो रडवेला होऊन म्हणाला.

"कोण सांगता तुमका 'नाय' म्हणूक? नेहमीसारखा गाऱ्हाणाच घाला. जल्मभर लोकांचा घातलात, आज एकदा आपला घाला," बायको म्हणाली आणि तिने पहिला वडा तेलात सोडला.

देवळात गाव दाटीवाटीने उभं राहिलं. पुढे मक्तेदार, नव्या कोऱ्या धोतरात. गुरवाने नारळ ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवा महाराजा! हो यजमान आज भक्तीन तुझ्या पायाकडे नारळ ठेवता हा!"

"व्हय महाराजा!"

"तेका आणि तेच्या लेकरांक सुखी ठेव!"

"व्हय महाराजा!" मक्तेदाराचा आवाज कळसापर्यंत गेला.

एवढ्यात मागच्या बाजूने वड्यांचा घमघमाट आला. गावाचं नाक तिकडे वळलं आणि नाकामागून मनही गेलं. मक्तेदार डोळे मिटून मनातल्या मनात चिऱ्यांचे ढीग रचत होता. गुरवाने नारळावर हात ठेवला.

"आमच्या माथ्यार जो सडो आसा, तो आमच्या जाणत्यांनी राखलो, तेंच्याय आधीच्या जाणत्यांनी राखलो!"

"व्हय महाराजा!"

"तेच्यार पहार मारूची बुद्धी ज्येका झाली आसात, तेची ती बुद्धी ह्या नारळाबरोबर फुटान जांव दे!"

गुरव थांबला. आता कोणी तरी 'थांब' म्हणेल, कोणी तरी मानगूट धरेल, अशी त्याची खात्री होती. त्याने एक डोळा किलकिला करून पाहिलं.

"व्हय महाराजा!" गाव गरजलं. सगळ्यांत मोठा आवाज यजमानाचा.

गुरवाला धीर आला. थोडा नव्हे, भलताच आला. "आज हो यजमान तुझ्यासमोर शब्द देता हा, की मी आणि माझी माणसां ह्या सड्याच्या चिऱ्याक कधी म्हणान कधी हात लावूची नाय!"

"व्हय महाराजा!" मक्तेदार टाचा उंचावून ओरडला.

"आणि ज्येनी दुसऱ्याचा ता देवन टाकल्यानी, तेनी ताच जल्मभर राखूचा! गावकारांनी मासो राखूचो, खारविणीन मोर राखूचो, पंतोजींनी हत्ती राखूचो, आणि मी, देवा, मी पावलां दिलंय, मी पावलां राखतलंय!"

"व्हय महाराजा!" लोक एका सुरात म्हणाले आणि जेवायच्या जागा धरायला वळले.

वळले खरे, पण वाटेत मुकादम उभा होता. सबंध देवळात लक्ष देऊन ऐकणारा तो एकटाच. त्याने आपली पहार देवळाच्या पायरीवर आडवी ठेवली आणि हात जोडले. "शेठ, तुमी देवासमोर व्हय म्हटलात. आता आमी ह्या सड्यार हत्यार धरूचे नाय. चला रे, जेवून घराक."

मक्तेदाराच्या हळूहळू ध्यानात आलं, आपण काय काय म्हटलं ते. त्याचा चेहरा उसळीतल्या वाटाण्यासारखा काळा पडला. "मी ऐकलंच नव्हतं!" तो ओरडला.

"ऐकला नाय, मगे व्हय कसा म्हटलात?" गावकर रागावून म्हणाले.

"मग तुम्ही तरी कुठे ऐकलंत? मासा तुमच्या गळ्यात पडलाय!"

गावकर बोटांवर मोजू लागले, कोणाच्या गळ्यात काय पडलं ते.

मक्तेदार गुरवावर धावला. "गाऱ्हाणं परत घे! आत्ताच्या आत्ता देवाला सांग, चुकलं म्हणून!"

सगळं गाव गुरवाकडे बघू लागलं. आता हा व्हय म्हणणार, यात कोणालाच शंका नव्हती. गुरवाने तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आला, जरा टेकला, आणि या वेळी बाहेर पडला.

"नाय!"

आवाज फार मोठा नव्हता. पण मागे गुरवाच्या बायकोच्या हातून झारा तेलात पडला. गावात कोणी इतकं अचंब्याचं काही ऐकलं नव्हतं. गुरव स्वतःच दचकला. मग तो शब्द जिभेला बरा लागला असावा, कारण त्याने तो पुन्हा म्हणून पाहिला. "नाय. घेणंय नाय."

मक्तेदार हट्टाला पेटला. कामकरी नाहीत तर नाहीत, म्हणत त्याने स्वतःच पहार उचलली आणि तो सड्यावर गेला. जांभा दिसायला लाल आणि भोकाभोकांचा, पण हाताला भारी चिवट. भर उन्हात अर्धा दिवस घाव घालून त्याने नारळाच्या करवंटीएवढा तुकडा काढला आणि तळहातावर आवळ्याएवढे फोड. थकून तो हत्तीच्या पायाशी आडवा झाला आणि वळून पाहतो तर त्याच्या डोक्याशी हत्तीचं नख. किती वेळ तो त्या नखाच्या गोल, सफाईदार रेषेकडे बघत राहिला. "हे कोणी हाताने कोरलं?" तो कण्हत म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो हाताला हळद लावून शहराकडे निघून गेला.

गावाला मात्र देवाला दिलेला शब्द पाळणं भाग होतं. गावकर रोज कुरकुरत मासा झाडायला जाऊ लागले. पंधरवड्यात त्यांची कुरकुर थांबली. महिन्याभरात माशाच्या शेपटीवर म्हैस उभी राहिली म्हणून ते म्हशीच्या धन्याशी हातघाईवर आले. खारवीण मोराच्या तुऱ्यातली माती बोटाने काढी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "असो पिसारो दुसऱ्या गावात दाखवा बघू!" पंतोजींची मुलं भूगोल हत्तीच्या पाठीवर शिकू लागली. पारावर पुन्हा भांडण होई, पण आता प्रत्येक जण दुसऱ्याच्या चित्राच्या बाजूने भांडे.

दसऱ्याला गुरव नातीला घेऊन सड्यावर गेला. पावलं त्याने पहाटेच धुऊन ठेवली होती. सगळं गाव जमलं. गुरवाने नातीला अलगद त्या कोरीव पावलांत उभं केलं. तिची इवली पावलं त्या मोठ्या पावलांत पार हरवून गेली. ती डुलली, सावरली आणि हात सोडून उभी राहिली. गुरवाला भरून आलं. या पावलांत पहिल्यांदा कोण उभं राहिलं असेल, आणि त्याचा हात कोणी धरला असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

ऊन चढलं तसे गावकर पुढे वाकून लाडाने म्हणाले, "चल गो बाय, आता घराक जाऊया?"

नातीने त्यांच्याकडे बघितलं, पाय घट्ट रोवले आणि आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला.

"नाय!"

"माझी नात ती!" गुरवाची बायको म्हणाली.

"नाय," गुरव डोळे पुसत म्हणाला. "माझी."

तात्पर्य: पूर्वजांची ठेव 'माझं तेवढं सोडून' देऊ लागलं, की कोणाचंच काही उरत नाही; म्हणून मान डोलवण्याआधी कान उघडावेत, आणि वेळेवर एक 'नाही' म्हणायला शिकावं.