बोंद्रेसाहेबांचा संडास

लांब पल्ल्याच्या त्या गाडीतलं पाणी सकाळीच संपलं. संडासाचं दार उघडायची सोय राहिली नाही, पोरंबाळं रडकुंडीला आली. जंक्शन येताच लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या द्वारकाबाई पदर खोचून उतरल्या आणि थेट स्टेशनमास्तर बोंद्रेसाहेबांपुढे उभ्या ठाकल्या.

"साहेब, गाडीत पाणी भरा."

"बाई, माझ्या स्टेशनातून गाडी कधी उशिरा सुटलेली नाही," साहेब मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. "पाणी संध्याकाळी, पुढच्या जंक्शनला. माणसानं जरा धीर धरावा!"

"बरं. मग निदान तुमच्या ऑफिसातला संडास तरी वापरू द्या."

"वापरा की! आम्ही काय माणसं नाही?"

द्वारकाबाई बाहेर आल्या आणि खिडकीखिडकीशी जाऊन ओरडल्या, "चला गं, चला रे! साहेबांनी परवानगी दिलीय!"

बघता बघता साहेबांच्या दारापासून चहाच्या टपरीपर्यंत रांग लागली. सिग्नल हिरवा झाला, तरी गाडी हलेना. साहेब तणतणत बाहेर आले.

"बाई, तुमच्यासाठी गाडी थांबणार नाही. आत्ता सोडतो!"

"सोडा की. आमची कुठे ना आहे?" द्वारकाबाईंनी रांगेकडे बोट दाखवलं. "फक्त तुमचा गार्ड तिथे झेंडा बगलेत मारून उभा आहे, तेवढा त्याचा नंबर लागू द्या. धीर त्यालाही धरवेना."

साहेबांनी डोळे वटारले. गार्डानं मान खाली घातली, पण जागा काही सोडली नाही.

मग साहेबच ओरडले, "अरे, गाडीला पाण्याचा पाइप जोडा रे कुणीतरी!"